लिंबाजी सणगराचा उजवा हात

माणदेशाच्या कोरड्या पट्ट्यात वडजाळ नावाचे गाव आहे. एका चैत्रात श्रीदयाघन महाराज तेथे आले आणि देवळात न उतरता थेट सणगरांच्या आळीत जाऊन एका मागाशेजारी बसले. का बसले, हे विचारण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. थोरांच्या बसण्याला कारण असते आणि ते यथाकाल कळते. ऐकणाऱ्याने तेवढा धीर धरावा.

पडवीतला तो माग लिंबाजी सणगराचा. सणगर म्हणजे लोकरीची घोंगडी विणणारे. बिरोबाच्या यात्रेत पालखी ज्या नव्या घोंगडीवर टेकते, ती विणण्याचा मान लिंबाजीच्या घराण्यात सात पिढ्या चालत आला होता. तिचा दंडक कडक होता. ज्या हाताने पहिला धागा टाकला, त्याच हाताने शेवटचा टाकायचा. मध्ये हात बदलला, तर घोंगडी मागावरून कापून ओढ्यात सोडायची आणि मान दुसऱ्या घराला द्यायचा. यात्रा चार दिवसांवर आली होती, घोंगडी निम्मीच झाली होती, आणि लिंबाजीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पाठीत, फऱ्याच्या म्हणजे खांद्यामागच्या रुंद हाडाच्या कडेला, सुरी फिरावी तशी कळ येई.

गावच्या तालमीचे हैबतराव वस्ताद हे अंग मळण्यात बारा गावांत नावाजलेले, आणि यात्रेचे मानकरीही तेच. पंधरा दिवस त्यांनी लिंबाजीला पालथे घालून पाठ तुडवली, तेल जिरवले, विटेने शेकले. दुखणे हटेना, तेव्हा वस्तादांना आपल्या विद्येचा नव्हे, लिंबाजीच्याच अंगाचा दोष दिसू लागला. महाराज आले त्या दिवशीही ते चार पठ्ठे घेऊन आळीत आले होते. घरात ताक प्यायला बसल्याप्रमाणे ऐसपैस बसून त्यांनी सर्वांदेखत सांगितले की सणगराच्या हाडात दमच नसतो, आणि असा हात देवाच्या कामाला चालत नाही.

"लिंबाजी, तुझा हात गेला रं," ते म्हणाले. "कात्री आण, घोंगडी काप, आन् उद्यापास्नं मेंढरं राख."

लिंबाजीची बायको सगुणा दाराआड उभी होती. तिने कात्री पदराखाली धरली आणि जागची हलली नाही. लिंबाजीने मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडले, आडवा धागा नेणारा धोटा उचलला, आणि बिरोबाचे नाव घेत एक धागा टाकला. कळ आली. दात आवळून त्याने दुसरा टाकला.

महाराज हे सारे लहान मुलाच्या कुतूहलाने पाहत होते. धोटा इकडून तिकडे जाई, आणि प्रत्येक धाग्यामागे लिंबाजी तो ठोकून बसवणारी जड फणी दोन्ही हातांनी आपल्या छातीकडे ओढी. महाराज कधी मागून पाहत, कधी वाकून समोरून. अखेरीस त्यांनी विचारले,

"लिंबाजी, ताण्याचे उभे धागे पुढून फार ओढले गेले, तर मागावर काय होते?"

"मागला खुंटा करकरतो, महाराज."

"मग तुम्ही काय करता? खुंट्याला तेल लावता?"

लिंबाजी दुखण्यातही हसला. "खुंट्याला तेल लावून काय व्हणार? पुढली ओढ सैल करायची. खुंटा आपसूक गप होतो."

"तर मग आता माग सोडा आणि येथे उताणे निजा," महाराज म्हणाले.

वस्ताद मोठ्याने हसले. त्यांच्या तालमीत पाठ मातीला लागली की गडी हरला, म्हणून तेथे मालिशसुद्धा पालथ्यानेच होई. तीस वर्षांत त्यांनी हजारो पाठी मळल्या, पण उताण्या गड्याच्या अंगाला हात लावला नव्हता. "दुखणं पाठीत, आन् बुवा पोट बघणार," त्यांनी पठ्ठ्यांना ऐकवले.

महाराजांनी ते मनावर घेतले नाही. सगुणेकडून कोमट करडईचे तेल मागून त्यांनी लिंबाजीच्या गळ्याच्या हाडाखाली अंगठा टेकला, आणि काखेकडे जाणाऱ्या मांसाच्या पट्ट्यावर तो हळूहळू सरकवला. तेथे दोरखंडासारखा ताठ पीळ होता. अंगठा त्यावर थांबताच लिंबाजीचे डोळे विस्फारले.

"महाराज, तुमी पुढं दाबताय, आन् कळ मागं फऱ्यात निघतीया!"

आळीतली माणसे जवळ सरकली. पठ्ठेसुद्धा माना लांब करून पाहू लागले. महाराज सांगत होते, आणि बोटांचे काम चालू होते. वर्षानुवर्षे फणी ओढून छाती आखडली आहे, तिने खांदा पुढे ओढून धरला आहे, आणि मागची पाठ ताणली जाऊन ओरडते आहे. ओढणारा गप्प बसला, म्हणून ताणल्या जाणाऱ्याला सर्वांनी बडवले. मग ते लिंबाजीला म्हणाले, "बिरोबाचे नाव घेत श्वास सोडा. श्वासासरशी हात बाजूला पडू द्या. ओढू नका, पडू द्या."

घटकाभर तेवढेच चालले. हात बोटाबोटाने जमिनीकडे उतरत गेला. मग महाराजांनी लिंबाजीच्या छातीच्या मधोमध तळहात ठेवून डोळे मिटले. त्या तळहातातून काय उतरले, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. लिंबाजी उठून बसला, आणि पंधरा दिवसांत खांद्याच्या वर न गेलेला हात त्याने सरळ आढ्याकडे नेला. सगुणेने कात्री फडताळात ठेवली.

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तो उपचार चालला, आणि चौथ्या दिवशी पहिला धागा टाकणाऱ्या हातानेच शेवटचा धागा टाकला. यात्रेच्या दुपारी पालखी त्या घोंगडीवर टेकली.

आता मानकऱ्याने देवावर भंडारा उधळायचा होता. हैबतरावांनी डाव्या हाताने मूठ भरली. लोकांना त्यात वावगे दिसले नाही. महाराज मात्र जवळ गेले आणि केवळ वस्तादांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले,

"उजवा हात तीन वर्षे लपवून ठेवलात. देवापुढे तरी दाखवा."

वस्तादांच्या हातातला भंडारा गळाला. हजारो दंड काढून त्यांचीही छाती आखडली होती आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. घरात फेटासुद्धा बायको बांधून देई, आणि हे तिसऱ्या माणसाला ठाऊक नव्हते. समोर त्यांचे पठ्ठे होते, सगळे गाव होते. मग त्यांनी फेटा उतरवला, आणि ज्या मनुष्याला कधी कोणी चीत केले नव्हते, तो पालखीसमोरच्या धुळीत आपणहून उताणा निजला.

पठ्ठ्यांनी माना खाली घातल्या. महाराजांनी लिंबाजीला बोलावले. "जागा तुम्हाला ठाऊक आहे."

लिंबाजीने त्यांच्या गळ्याच्या हाडाखाली ती जागा शोधली. वस्तादांनी ओठ चावला, श्वास सोडला, आणि बऱ्याच वेळाने त्यांचा उजवा हात हळूच मातीला टेकला. उठल्यावर त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ भंडाऱ्याने भरली आणि ती डोक्यावरून उंच उधळली. देव पिवळा झाला, घोंगडी पिवळी झाली.

ते महाराजांच्या पायांशी वाकले, तेव्हा महाराजांनी त्यांचे खांदे धरून त्यांना लिंबाजीकडे वळवले. लिंबाजी संकोचाने मागे सरला. "वस्ताद, असं करू नगा," तो म्हणाला. पण हैबतराव तोवर वाकले होते, आणि त्यांचे दोन्ही हात लिंबाजीच्या पावलांपर्यंत सरळ पोहोचले होते.