टिंबूची उडी अडखळली

एक होता बेडूक. हिरवा हिरवा, टिंबाएवढा. त्याचं नाव टिंबू.

केतकी नावाची एक मुलगी होती. टिंबू राहायचा तिच्या आत्याच्या कॉम्प्युटरमध्ये. केतकीच्या खेळात. खेळात होतं तळं. तळ्यात होती पानं. आणि पलीकडे होती टिंबूची आई.

केतकी बटण दाबायची. टिंबू उडी मारायचा. टपाक टपाक टपाक!

एकदा काय झालं? केतकीने बटण दाबलं. टप... टप... आणि चित्र अडलं. डुबुक! टिंबू पाण्यात.

परत दाबलं. टप... टप... डुबुक!

"आई गं! माझी उडी कुठे गेली?" टिंबू रडायला लागला.

"रडू नको, बाळा," आई पलीकडून म्हणाली. "आत जा. विचार जाऊन."

टिंबू निघाला. टपाक टपाक.

आत भेटला प्रोसेसर. कॉम्प्युटरची सगळी कामं तोच करतो.

"प्रोसेसरदादा, जरा भरभर पळ ना!"

"मी नाही पळणार. माझं अंग तापलंय. तापलं की मी हळूहळूच चालतो. पंखा फिरेल, तर मी पळेन."

टिंबू निघाला. टपाक टपाक. शेजारीच होता पंखा.

"पंखेकाका, पंखेकाका,
प्रोसेसर पळेना,
मी आईकडे कसा जाऊ?"

"मी नाही फिरणार. माझ्या पात्यांत धूळ बसलीय. धूळ उठेल, तर मी फिरेन."

धूळ तिथेच होती. मऊ मऊ, करडी करडी.

"धूळताई, धूळताई,
पंखा फिरेना,
प्रोसेसर पळेना,
मी आईकडे कसा जाऊ?"

"मी नाही उठणार. मला इथे छान वाटतं. ब्रश झाडेल, तर मी उठेन."

टिंबू फटीतून बाहेर आला. टपाक टपाक. टेबलाच्या खणात होता ब्रश.

"ब्रशभाऊ, ब्रशभाऊ,
धूळ उठेना,
पंखा फिरेना,
प्रोसेसर पळेना,
मी आईकडे कसा जाऊ?"

"मी एकटा नाही झाडणार. मला कुठे हात आहेत? आत्या उचलेल, तर मी झाडेन."

टिंबू निघाला. टपाक टपाक. आत्या भेंडी चिरत होती.

"आत्या, आत्या,
ब्रश झाडेना,
धूळ उठेना,
पंखा फिरेना,
प्रोसेसर पळेना,
मी आईकडे कसा जाऊ?"

"मी नाही उचलणार. चालू कॉम्प्युटरमध्ये हात घालायचा नसतो, राजा. केतकी थांबेल, तर मी उचलेन."

टिंबू निघाला. टपाक टपाक. केतकी बटण दाबतच होती. टक टक टक टक!

"केतकी, केतकी,
आत्या उचलेना,
ब्रश झाडेना,
धूळ उठेना,
पंखा फिरेना,
प्रोसेसर पळेना,
मी आईकडे कसा जाऊ?"

केतकीने वर पाहिलंच नाही. "मी नाही थांबणार! टिंबू आईकडे पोचेल, तर मी थांबेन."

"अगं, पण टिंबू तर मीच!"

केतकीने पाहिलं. बटणाजवळ टिंबू. चिंब भिजलेला. थुडथुड थुडथुड कापणारा.

"अय्या! किती वेळा पडलास रे तू?"

"खूप वेळा," टिंबू म्हणाला.

केतकीला कसंतरीच झालं. तिने हात मागे घेतला. "आत्या, मी थांबले गं!"

खेळ बंद. कॉम्प्युटर बंद. सगळा पडदा काळा.

"माझी आई कुठे गेली?" टिंबू घाबरला.

"झोपलीय. आत्ता उठेल हं," असं म्हणत केतकीने त्याला ओंजळीत घेतलं.

केतकी थांबली, मग आत्याने हात पुसले. वायर काढली, झाकण उघडलं आणि ब्रश उचलला.

आत्याने उचलला, मग ब्रश झाडू लागला. झुस झुस झुस!

ब्रशने झाडलं, मग धूळ उठली. आऽऽक् छी! आत्या शिंकली. धूळ गेली खिडकीबाहेर.

झाकण लागलं. वायर लागली. टिंबू गेला आत. कॉम्प्युटर सुरू.

धूळ उठली, मग पंखा फिरला. भिर्रर्र भिर्रर्र!

पंखा फिरला, मग प्रोसेसर गार झाला. "हाऽऽश्श!" म्हणाला आणि पळत सुटला.

पडदा उजळला. पलीकडे आई उभी!

"टिंबू, तयार?" केतकीने विचारलं.

"तयार!"

टपाक! टपाक! टपाक! टपाक!

टिंबू पडला नाही. टिंबू अडला नाही. टिंबू थेट आईच्या कुशीत!

"आलास रे माझ्या बाळा!" आई म्हणाली. "डराँव!"

पोचला टिंबू, थांबली गोष्ट. आता तुम्ही मारा बघू एक उडी!