दार नसलेली वेस

पेन्याग्रिसची चढण संपली की पहिली लागते ती ही वेस. स्पेनच्या डोंगरातलं आमचं गाव केवढंसं, पण वेस बघा केवढी! दगडात बिजागऱ्या अजून आहेत, मनगटाएवढ्या जाड. दारं नाहीत. पाहुणे विचारतात, शत्रूने फोडली का? शत्रूला कशाला बोल लावता!

असं सांगतात की फार मागे खालच्या खोऱ्यात प्लेग आला. आमची सुईण तोदा तेव्हा खालच्या वाडीत बाळंतपणाला गेलेली. इकडे गावाने वेस लावून घेतली आणि मारियामातेपुढे शपथ घेतली, साथ सरेपर्यंत कुणालाही आत घ्यायचं नाही. तोदाची लेक मेन्सिया आतच होती, दिवस भरलेली.

तोदा परतली. दार वाजवलं.

"कोण?" आतून पहारेकरी गिलने विचारलं.

"अरे मी, तोदामावशी. उघड."

"कोण तोदा?"

"आईच्या पोटात आडवा बसला होतास, या हातांनी वळवून काढला तुला, मेल्या! तेव्हा नाही विचारलंस कोण ते!"

गिल मागे सरला. मग दुसऱ्याने विचारलं, "कोण?" मग तिसऱ्याने. ती एकेकाला आवाजावरून ओळखून नावाने हाका मारत होती. तिला मात्र कुणी ओळखेना म्हणे.

दुपारी मेन्सियाला कळा लागल्या. मूल आडवं. तोदा दाराच्या फटीला तोंड लावून सांगू लागली, पाणी तापवा, तिला कुशीवर घ्या, पोटाला तेल लावून हळू वळवा. एक बाई ते ऐकून चढावरच्या मेन्सियाच्या घराकडे धावायची, तिकडचं ऐकून परत यायची. पण आडवं मूल निरोपाने वळत नाही. कशीबशी पोर जगली, मेन्सिया गेली.

त्यानंतर ती बाई वेशीकडे फिरकलीच नाही. कुणीच फिरकलं नाही. तोदा विचारत राहिली, "माझ्या पोरीचं काय झालं रे?" सकाळी ती दाराला टेकूनच गारठून मेलेली दिसली. अंगावर प्लेगची एक गाठ नव्हती.

प्लेग गावात शिरला नाही. वर टेकाडावर चर्च दिसतं ना, ते त्या शपथेला यश आलं म्हणून बांधलेलं. त्याचे फोटो सगळे काढतात.

पुढे दुसरी एक बाई अडली, तेव्हा गावातल्या बायकांनी वेशीची दारं उचकटली, कुऱ्हाडीने फोडली आणि त्या लाकडावर बाळंतिणीचं पाणी तापवलं. पुरुष नुसते बघत उभे होते म्हणतात. अडवणार कुठल्या तोंडाने?

आजही आमच्याकडे दार वाजलं की कुणी "कोण?" म्हणून विचारत नाही. उठतात नि उघडतात. पाहुण्यांच्या माहितीपत्रकात छापलंय, इथली माणसं फार अगत्याची. अगत्य कसलं डोंबलाचं! विचारलं तर बाहेरून "अरे मी, तोदामावशी" असं उत्तर येईल, याची भीती आहे ती.