बारा दारांची वैद्यशाळा

फार जुन्या काळी, सात गावांत मिळून एकच वैद्य असे, तेव्हाची ही गोष्ट. राजाने त्या वैद्यासाठी वैद्यशाळा बांधायला काढली. काम एका नामी गवंड्याला दिलं. हातात कसब मोठं, पण दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही.

दार एकच लागत होतं. "एका दाराने भिंत बोडकी दिसते," असं म्हणून त्याने बारा दारं काढली. त्यांतली अकरा नुसती रंगाची. कडीकोयंडेसुद्धा रंगवलेले. खऱ्या दारावर पांढऱ्या चुन्यात पांढरीच अक्षरं कोरली, कारण गडद अक्षरं त्याला भडक वाटत. अंगणाच्या फाटकाशी भाट उभा केला. येणाऱ्याने आधी राजाची बिरुदं ऐकायची, नावगाव सांगायचं, अत्तर लावून घ्यायचं, मग पुढे जायचं.

चुना मळणारी म्हातारी म्हणाली, "बाबा, तापाने फणफणलेल्याला यातलं खरं दार कसं कळायचं?"

"मला तर डोळे मिटूनही सापडतं, आजी."

"तू बांधलंयस. तुला न सापडायला काय झालं?"

"तुम्ही चुना मळा," गवंडी म्हणाला.

वैद्यशाळा सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी गवंडी परांचीवर चढून कळसाला घोटाई देत होता. खाली एक बाई धावत येताना दिसली. खांद्यावर पोर, पोरीच्या पायाला करकचून बांधलेली चिंधी. लुगडं ओळखीचं वाटलं आणि त्याच्या हातातली थापी गळाली. त्याचीच बायको होती. त्याचीच लेक.

भाट आडवा आला.

"सोडा हो, पोरीला पान लागलंय. नाग होता."

"बाई, बिरुदं अर्ध्यात तोडता येत नाहीत. गाव कोणतं?"

गवंडी वरून ओरडला. वाऱ्याने आवाज पोचू दिला नाही. तो बांबू धरून उतरू लागला.

भाटाच्या हातून सुटून बायको पहिल्या दारावर धडकली. भिंत. दुसऱ्यावर. भिंत. तिच्या तळव्यांना रंग लागला. खऱ्या दारावरून तिची नजर दोनदा फिरली आणि पुढे गेली. आत वैद्य हाताशी औषध घेऊन बसला होता. जाड भिंतीतून त्याला काही ऐकू आलं नाही.

गवंड्याने खाली येऊन तिला खऱ्या दाराशी ओढत नेलं. पोरीचे ओठ निळे पडले होते.

वैद्याने नाडी धरली. "दंश होऊन वेळ झालाय. घर लांब आहे का?"

"घर जवळच आहे," बायको म्हणाली. "दार सापडलं नाही."

पोर तीन दिवस मृत्यूशी झगडली. वाचली. पण तो पाय पुन्हा जमिनीला टेकला नाही.

गवंड्याने अकरा दारं स्वतः पुसली. भाटाला घरी धाडलं. त्यानंतर काहीही बांधलं, की तो वाटेवरचा कुणी अनोळखी आणून दाराशी सोडी आणि तो कुठे अडतो ते तोंड न उघडता बघत राही.

परक्यासाठी बांधणाऱ्याने परक्याच्याच डोळ्यांनी पाहावं; आपण बांधलेलं आपल्याला नेहमीच सोपं दिसतं.