पिठात मळलेलं लोणी

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते सांगणाऱ्यालाही नक्की ठाऊक नाही. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावात भरल्या अंगाच्या माणसांचं भारी कौतुक. बाहेरगावचे लोक हसायचे, नावं ठेवायचे. पण गाव आपल्या आवडीत सुखी होतं.

तिथे हैबती नावाचा हलवाई राहायचा. त्याची बायको साळू लहानपणापासूनच अंगानं भरलेली. भरल्या गाडीसारखी डुलत, संथ चालायची. हैबतीचा तिच्यावर फार जीव. ती आवडीनं जेवू लागली की त्याचंच पोट भरायचं. आणि साळूलाही तिचं अंग आवडायचं, हे आधीच सांगितलेलं बरं.

एका हिवाळ्यात साळू म्हणाली, “अहो, आता इथवर पुरे. मला मी आवडते, पण गुडघे कुरकुरतात. नदीचा चढ चढवत नाही.”

हैबतीनं मान डोलावली. पण त्याला वाटलं, ही भीड असेल. पाहुणा ‘पुरे, पुरे’ म्हणतो आणि आपण आणखी एक लाडू वाढतोच की! आग्रहाशिवाय का कुणी पोटभर जेवतं?

त्यानं लाडू बंद केले. मात्र पहाटेची भाकरी हौसेनं तोच करायचा, आणि पिठात गुपचूप लोणी मळायचा.

साळू निम्मंच जेवू लागली, तरी बांगड्या मनगटात रुतू लागल्या. “माझंच काहीतरी चुकतंय,” म्हणून ती खंत करायची. हैबतीला ते दिसे, आत कुठेतरी टोचे. पण दुसऱ्या दिवशी हात पुन्हा लोण्याकडे जाई.

दुपारी त्याच्या दुकानात सोबती जमत आणि आपापल्या बायकांची फुशारकी मारत.

“आमची तर दारातून आडवी जाते!”

“ह्यॅ! हैबतीच्या साळूपुढे तुझी म्हणजे काडी!”

एके दिवशी हे ऐकून हैबती फुलला. “माझ्या हातची करणी आहे ती. पुरे म्हणाली होती. भाकरीत लोणी घालतो, पत्ताच नाही तिला!”

सगळे हसले. मग एकेक जण गप्प झाला. हैबतीच्या मागे साळू उभी होती, हातात ताकाचा तांब्या घेऊन.

“मी काय मडकं आहे, तुमच्या हातानं घडवायला?” एवढंच ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं पडवीत वेगळी चूल मांडली.

हैबती पेढे घेऊन गेला, बर्फी घेऊन गेला. साळू म्हणाली, “नको. आता तुमच्या हातचं पाणीसुद्धा हुंगून प्यावंसं वाटतं.”

ते शब्द हैबतीच्या काळजात रुतले. शेवटी तो रिकाम्या हातांनी तिच्या चुलीपाशी जाऊन बसला.

“चुकलो, साळू.”

“कशात चुकलात?”

“लोणी घातलं, त्यात.”

“लोणी मी एखादे दिवशी मागूनही खाल्लं असतं. तुम्ही मला न सांगता घातलंत. मी माझ्याच अंगाला दोष देत बसले, आणि तुम्ही बघत राहिलात.”

“हो, बघत राहिलो,” हैबती म्हणाला.

“आणि उद्या मी वाळले तर?” साळूनं विचारलं.

‘तरी तेवढीच आवडशील’ असं म्हणणं सोपं होतं. पण हैबतीला खोटं बोलवेना.

“ठाऊक नाही गं. भीती वाटते. पण तुला फसवून तुला जवळ ठेवता येत नाही, एवढं कळलं.”

साळूनं चुलीतला जाळ सारखा केला. मग म्हणाली, “हे तरी खरं बोललात. आता विचारा.”

“काय विचारू?”

“काय खाणार, ते! इतक्या वर्षांत एकदा तरी विचारलंत?”

हैबतीनं चाचरत विचारलं, “काय खाशील?”

“पिठलं. झणझणीत. आणि भाकरीचं पीठ मी मळणार.”

जन्मभर साखरेचा पाक केलेल्या हातांचं ते पिठलं. गाठीच गाठी झाल्या. साळू गाठी बोटांनी फोडत, नाक पुसत, हसत जेवली. दुसऱ्यांदा तिनंच मागून घेतलं.

पडवीतली चूल मोडली. पुढे साळू कधी थोडी उतरली, कधी पुन्हा भरली. हैबतीचं तिच्याकडे बघत राहणं काही सुटलं नाही.

म्हणून ध्यानात ठेवावं: आवड आपली असली तरी अंग ज्याचं त्याचं असतं; आणि ‘पुरे’ म्हटल्यावर जे थांबतं, तेच खरं प्रेम.