डुकराजोगी बंदूक

कुसगावच्या इनामदारांनी तीन हंगामांत रानडुकरांवर अकरा गोळ्या झाडल्या. लागल्या दोनच, एक पाटलाच्या म्हशीला, दुसरी रान उठवणाऱ्या हाकेवाल्याच्या पागोट्याला. तरी दोष बंदुकीचाच! यंदा त्यांनी गावासमोर पाच बंदुका मांडल्या आणि हाकेवाल्यांच्या म्होरक्याला, धोंडजीला, दरडावलं, "डुकराजोगी बंदूक तू निवड. नेम चुकला, तर डुकराच्या मुंडक्याचा तुझा पिढीजात मान गेला!"

धोंडजीनं सगळ्यांत बोजड बंदूक उचलली. "ह्यीच, सरकार. हिचा बार ऐकूनच डुकरं शीव ओलांडत्याल, पिकं वाचत्याल."

"आणि काडतूस?"

"नुसत्या दारूचं भरा. गोळीच नसली, की नेम चुकायचा न्हाई, माझा मान जायाचा न्हाई, आन् हाकेवालेबी जेवायला घरी येत्याल."