नखभर रंग

विषय : विकाऊ घराच्या लाकूडकामास रंग द्यावा की नुसते तेल, याबाबत.
संदर्भ : राजवाड्यावरील निवृत्त देवडीवाल्याचा अर्ज.

उपरोक्त विषयी निवेदन असे की, फार फार पूर्वी, राजे आपली पगडी आपणच बांधत त्या काळी, एका राजधानीत एक म्हातारा देवडीवाला राहत असे. राजवाड्याच्या दाराशी उभे राहण्यात त्याचा जन्म गेला होता. आत काय चालते हे त्याला कधी कळले नाही. पण दार हिरवे आहे, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

त्याचे स्वतःचे घर लहान, पण दारे-खिडक्या अस्सल सागवानी. दर दिवाळीला त्याची बायको त्यांना जवसाचे तेल चोळी. मग लाकडातली रेष न् रेष अशी उजळे, की दारे नुकतीच न्हाऊन उभी आहेत असे वाटावे.

त्यांना उतारवयात झालेली एकुलती लेक दूर नदीकाठच्या गावी दिलेली होती. तिला सासू नव्हती आणि दिवस भरत आले होते. "आई-बाबा, आता माझ्याजवळच येऊन राहा," असा तिचा निरोप आला. तिकडे घर घ्यायचे तर इकडचे विकणे भाग होते, आणि तेही बाळ जन्मायच्या आत.

"घर विकायचं म्हणजे आधी दारं रंगवली पाहिजेत," देवडीवाला म्हणाला. "हिरवी. राजवाड्यासारखी."

"अहो, सागवान झाकायचं कशाला?"

"तुला नाही कळायचं. मी जन्मभर त्या दाराशी उभा होतो."

"दाराशी उभे होता. दार नव्हता झालात!"

पण दारे हिरवी झाली.

त्या राजधानीत एक रिवाज होता. घर घेणाऱ्याला आपल्या मर्जीच्या एका जागी लाकूड नखाने खरवडून बघण्याचा हक्क असे. याला नखपरीक्षा म्हणत. कारण लोक लाकडाला रंग देत ते बहुधा वाळवी झाकायला. हे देवडीवाल्यालाही माहीत होते. पण आपल्या दाराची गोष्ट निराळी, असे त्याला वाटले. तसे ते प्रत्येकालाच वाटते.

आधी एक हलवाई आला. त्याने चौकटीला नख लावले. "अरेच्चा, सागवान! मग रंग कशाला फासला? इथं नसेल, तर दुसरीकडे नक्कीच काहीतरी आहे." तो निघून गेला. मग एक शास्त्रीबुवा आले. त्यांनी खिडकी खरवडली, मान हलवली आणि तेही गेले.

आढ्यावरची पाल चुकचुकली. "या घरात वाळवी असती, तर मी अशी हडकुळी राहिले असते का? पण मला विचारतो कोण!"

येणारे येत राहिले, नखे उमटत राहिली. देवीचे व्रण असावेत तशी दारे दिसू लागली. तेवढ्यात लेकीचा पुन्हा निरोप आला, "कधी निघताय?"

देवडीवाला उंबऱ्यावर बसून राहिला. समोरच्या हिरव्या फळीवरच्या नखाएवढ्या जागेतून सागवान त्याच्याकडे बघत होते. मग तो उठला, काचेचा तुकडा घेऊन आला आणि रंग खरवडायला लागला. बायकोने तेलाची वाटी आणून शेजारी ठेवली.

मोरीच्या दाराशी मात्र त्याचा हात थांबला. त्या दाराची खालची फळी पाण्याने कुजली होती आणि तिथे आंब्याच्या लाकडाचे ठिगळ होते. "एवढं तरी हिरवं राहू दे."

"ठिगळ तुम्हीच लावलंत ना? मग लाज कसली?"

त्याने तेही दार उघडे केले.

मग एक कासारीण घर बघायला आली. तिने नख उगारले आणि ती हसलीच. "नख लावू कुठं, बाबा? खरवडायला काही ठेवलंच नाहीत!"

देवडीवाला ताठ उभा राहिला, जणू परदेशचा वकील राजापुढे न्यायचा आहे. "ये बाई. आधी वाईट ते दाखवतो." त्याने तिला थेट मोरीपाशी नेले. "ही फळी कुजली होती. हा आंब्याचा तुकडा मी बसवला. वाकडा बसलाय."

"वाकडा आहे खरा." कासारणीने ठिगळ ओढून पाहिले. "पण हलत नाही." तिने हात पदराखाली घेतला. "हे दाखवलंत, आता बाकीच्या दारांना मी नख लावत नाही. घर मी घेतलं."

म्हातारा-म्हातारी वेळेवर लेकीच्या गावी पोचली. नातीचे पहिले रडणे आजोबांनी दाराबाहेर उभे राहून ऐकले. दाराबाहेर उभे राहण्यात त्यांचा हात कोण धरणार! छाती मात्र राजवाड्यावर कधी फुगली नव्हती एवढी फुगली होती.

तात्पर्य : चांगले असेल ते झाकू नये, आणि उणे असेल ते आपणच आधी दाखवावे.

राहता राहिला अर्ज. घर कासारणीच्या नावे करावे, असा तो अर्ज. त्यात दारांचा रंग नमूद करण्याची पद्धत आहे. तिथे देवडीवाल्याने मोठ्या अक्षरात 'सागवान' असे लिहिले. या नावाचा रंग दरबारच्या यादीत नाही. कारकुनाने अर्ज वरिष्ठांकडे पाठवला. वरिष्ठांनी तो अभिप्रायासाठी कारकुनाकडे पाठवला. कासारीण त्या घरात राहते आणि दर दिवाळीला दारांना तेल चोळते.

सदर अर्ज विचाराधीन आहे.