करकोचीबाई खाली बसल्या

फार पूर्वी एका तळ्याकाठी पिल्लांची बालवाडी भरायची. आईवडील अन्न शोधायला जाताना पिल्लं तिथे सोडून जात. शिकवायला करकोचीबाई होत्या. बाई हुशार, शिस्तीच्या आणि आपल्या उंचीचा थोडा अभिमान बाळगणाऱ्या. "इथून मला सगळी पिल्लं एकदम दिसतात," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

त्या वर्षी तुंबा नावाचं कासवाचं पिल्लू आलं. आल्याआल्या ते कवचात शिरलं ते बाहेरच येईना. बाई वरून सांगत राहिल्या, "तुंबा, बाहेर ये. तुंबा, गाणं म्हण. तुंबा, खाऊ खा." तीन दिवस त्याने बालवाडीत एक घासही खाल्ला नाही.

चौथ्या सकाळी त्याची आई म्हणाली, "बाई, मी याला घरीच ठेवते आता."

"अहो, पण मी दिवसभर त्याच्याशीच बोलत असते."

आई संकोचली. "तो म्हणतो, तिथे बाई नाहीतच. दोन काठ्या आहेत आणि वरून आवाज येतो."

खारीची पिल्लं खुसखुसली. बाईंची चोच उघडीच राहिली. मग त्या हळूच म्हणाल्या, "आजचा एक दिवस द्या मला."

त्यांनी आपले लांबलचक पाय एकेक करून दुमडले. गुडघे कुरकुरले. पोट चिखलाला टेकवून त्या तुंबासमोर बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने कवचातून नाक आलं, मग डोळे आले. तुंबाने बाईंचा चेहरा नीट निरखून पाहिला.

"तुम्ही इतके दिवस कुठे होता?"

बाईंना बरीच उत्तरं सुचली. त्यातलं एकही त्यांनी दिलं नाही.

"यायला जरा उशीर झाला रे," त्या म्हणाल्या.